कुंद्यावरचे ठिगळ : ऐब की पुरावा?

परदेशात जुन्या लष्करी रायफलींचे लिलाव होतात. तेथील यादीत नळी, घोडा, नंबर यांच्याबरोबर लाकडाविषयीही शेरा दिलेला असतो. लाकूड मूळचे आहे की बदललेले, त्यावर लष्करी दुरुस्ती आहे की नंतर कोणी हात मारला आहे, घासले आहे की तसेच ठेवले आहे, एवढ्या दोन ओळींवर मालाचा भाव वर जातो किंवा खाली येतो. यात गंमत अशी, की लष्कराच्या कारखान्यात पन्नास-साठ वर्षांपूर्वी बसवलेले ठिगळ कुंद्यावर असेल तर जाणकार गिऱ्हाईक ते राजीखुशीने घेतो. तेच ठिगळ काल-परवा बसवून वर रंग चोपडलेला आढळला तर सौदा तिथेच मोडतो.

हा विषय आपल्या पानावर कशासाठी, असे वाचक विचारतील. लाकूडकाम हा आपल्या समाजातील हजारो कुटुंबांचा पोटाचा धंदा आहे. मुंबईच्या चोरबाजारातील मटन स्ट्रीट असो की जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा जुन्या फर्निचरचा बाजार, जुन्या लाकडाची डागडुजी करणारे मिस्त्री आणि तो माल विकणारे व्यापारी दोन्ही आपल्यात आहेत. जुन्या मालाची दुरुस्ती ओळखता येणे ही स्वतंत्र विद्या आहे, आणि रायफलीचा कुंदा हे ती शिकण्याचे उत्तम पुस्तक आहे. कारण कपाट कोणी, कधी, कुठे दुरुस्त केले याची नोंद कोठेच नसते. लष्करी लाकडावर मात्र शिक्के असतात, नंबर असतात, साल असते. कारागिराचे काम आणि कागदासारखी नोंद एकाच लाकडावर सापडते.

पुढे जाण्यापूर्वी कायद्याची गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपण ज्या रायफलीविषयी बोलणार आहोत ती 'थ्री-नॉट-थ्री' आपल्या देशात खाजगी माणसासाठी प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार हत्यार बनवायला, विकायला परवाना लागतो, तसा दुरुस्त करायलाही लागतो, आणि हत्यारात त्याचे सुटे भागही धरले जातात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित हत्यार बेकायदा बाळगण्याची शिक्षा कमीत कमी सात वर्षांची झाली आहे. तेव्हा कोणी 'फक्त लाकूड जोडून द्या, भाऊ' म्हणून रायफल घेऊन दुकानात आला, तर पटाशी हातात घेण्याआधी परवाना मागावा. नसेल तर माल दुकानात ठेवूनसुद्धा घेऊ नये. ही विद्या उपयोगी पडते ती वस्तुसंग्रहालयांना, परवानाधारक बंदूकदुकानांना आणि जेथे अशा रायफली कायद्याने बाळगता येतात त्या इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियासारख्या देशांत काम करणाऱ्या आपल्या कारागिरांना.

ईशापूरची रायफल

शॉर्ट मॅगझीन ली-एनफील्ड या रायफलीचा 'मार्क तीन' नमुना इंग्लंडमध्ये १९०७ साली मंजूर झाला. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९१६ मध्ये, काही भाग गाळून 'मार्क तीन स्टार' हा सोपा नमुना आला. बंगालमधील ईशापूर येथे १९०४ साली स्थापन झालेल्या रायफल कारखान्याने हीच रायफल हिंदुस्थानात बनवली आणि स्वातंत्र्यानंतरही बनवत राहिला. १९६२ च्या चीन युद्धानंतर त्याच सांगाड्यावर ७.६२ मिलिमीटरची '२ए१' रायफल निघाली. पोलिसांकडे थ्री-नॉट-थ्री किती वर्षे होती हे सांगायला नको. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकावर काही पोलिसांच्या हातात हीच रायफल होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी तिला समारंभाने निरोप दिला.

एवढी वर्षे, एवढे हात, उन्हाळा-पावसाळा, कवायतीत जमिनीवर आपटणे. लोखंड टिकले, लाकूड थकले. म्हणून ईशापूरची मूळ स्थितीतील, एकही जोड नसलेली रायफल मिळणे अवघड. विसाव्या शतकाच्या अखेरीस या रायफली मोठ्या प्रमाणावर अमेरिकेच्या बाजारात उतरल्या तेव्हा तेथील अनेकांनी त्यांच्याकडे 'ठिगळांचा माल' म्हणून नाक मुरडले. आमच्या मते हा अन्याय होता. त्या ठिगळांत ज्या सफाईने लाकूड लाकडात बसवले आहे, ती सफाई आजच्या कितीतरी महागड्या फर्निचरमध्ये दिसत नाही.

या रायफलीचे लाकूड एका तुकड्याचे नाही. खांद्याला लागतो तो मागचा कुंदा वेगळा आणि नळीखालचे लांब लाकूड वेगळे. नळीच्या वर हात भाजू नये म्हणून पातळ लाकडाची दोन झाकणे असतात, त्यांना हँडगार्ड म्हणतात. मागचा कुंदा आतून जाणाऱ्या एका लांब बोल्टने लोखंडी खोबणीत आवळलेला असतो. लाकूड बहुतेक अक्रोडाचे. नंतरच्या काळात इतर टणक लाकडेही वापरली गेली. ऑस्ट्रेलियाच्या लिथगो कारखान्याने तिथले कोचवूड वापरले. ते अक्रोडापेक्षा मऊ पडे, म्हणून आत दणका बसतो त्या जागी तांब्याच्या पट्ट्या बसवल्या. ऑस्ट्रेलियन लाकडात अशी तांब्याची पट्टी दिसली तर ती कोणा हुशार मिस्त्रीने मागाहून घातली असे समजू नये, ती कारखान्याचीच. ऑस्ट्रेलियन कुंद्यांवर कधी 'स्लॅझ' अशी अक्षरे दिसतात. टेनिसच्या रॅकेटी बनवणाऱ्या स्लॅझेंजर कंपनीने युद्धकाळात कुंदे बनवले, त्याची ही खूण. लाकूड वाकवून रॅकेट करणाऱ्याला कुंदा काय अवघड!

आडवा स्क्रू

ईशापूरच्या रायफलीची सर्वांत प्रसिद्ध खूण म्हणजे पुढच्या लाकडातून आडवा गेलेला स्क्रू. मॅगझीनच्या थोडे पुढे, लाकडाच्या एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूला निघतो. जगभरचे संग्राहक त्याला 'ईशापूर स्क्रू' याच नावाने ओळखतात. तो पाहिला की नवखा गिऱ्हाईक म्हणतो, लाकूड फुटले होते, स्क्रू मारून जोडले. काही विक्रेतेही तसेच सांगून भाव पाडतात किंवा, उलट टोकाला जाऊन, स्क्रू काढून भोक बुजवून टाकतात.

हे दोन्ही चूक. हा स्क्रू बहुतेक वेळा फाटलेले जोडण्यासाठी नसून फाटू नये म्हणून आहे. आपल्याकडच्या हवेत लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मॅगझीनपाशी ते दोन्ही बाजूंनी पातळ झालेले असते आणि बाराच्या दणक्याचा जोर तिथेच जवळपास बसतो. म्हणून आडवा स्क्रू घालून दोन्ही भिंती एकमेकींना बांधून टाकल्या. दुरुस्तीला आलेल्या रायफलींत तो घातला गेलाच, पण नव्याने बनवलेल्या रायफलींतही घातला गेला. '२ए१' मध्येही तो सर्रास दिसतो. सुतारकाम जाणणाऱ्याला हे लगेच पटेल. दाराच्या फळीला फाटण्याआधी आडपट्टी ठोकणारा आणि फाटल्यावर ठोकणारा यांत फरक आहे.

मग लाकूड खरोखर फुटले होते की नाही, हे कसे कळावे? स्क्रूच्या जागी रायफलीच्या लांबीच्या दिशेने जाणारी चीर आहे का, ते पाहावे. लोखंड काढून लाकूड आतून पाहता आले तर फारच उत्तम. आत सरसाची रेघ, तेलाने काळी पडलेली चीर किंवा लाकडी खुंटी असेल तर दुरुस्ती झाली आहे. आतून लाकूड एकसंध असेल तर स्क्रू केवळ बंदोबस्तासाठी आहे. स्क्रू स्वतःही बोलतो. कारखान्याच्या स्क्रूचा माथा सरळ खाचेचा असतो आणि लाकडात नीट बुडवून बसवलेला असतो. खाचेत जुन्या तेलाचा काळा मळ साचलेला असतो. चौफुलीच्या माथ्याचा चकचकीत स्क्रू, भोकाच्या कडा चिरफळलेल्या, असे दिसले तर ते काम घराच्या ओट्यावर झाले आहे.

याच पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाला आणखी एक नेहमीची चीर आढळते, आणि तिचे कारण अडाणीपणा हे आहे. मागचा कुंदा आवळणाऱ्या बोल्टचे टोक चौकोनी असून ते खोबणीतून आरपार येऊन पुढच्या लाकडात बसवलेल्या पट्टीत अडकते, म्हणजे बोल्ट आपोआप सैल होऊ नये. त्यामुळे पुढचे लाकूड आधी उतरवावे लागते, मगच बोल्ट फिरवावा. ज्याला हे ठाऊक नाही तो थेट मागून बोल्ट फिरवतो, चौकोनी टोक आत गरकन फिरते आणि लाकडाला उभी चीर जाते. ही चीर सरस आणि पितळी खिळ्याने किंवा आडव्या लाकडी खुंटीने जोडलेली असेल, वरून तेल मुरून सांधा काळा पडला असेल, तर काम लष्करी आरमररचे असण्याचा संभव मोठा. फुटके तसेच असेल आणि कडा आतून पांढुरक्या, ताज्या दिसत असतील, तर ते नंतरच्या मालकाचे पाप.

ठिगळ वाचायचे कसे

कुंद्याचे खालचे मागचे कोपरे कवायतीत जमिनीवर आपटून फुटतात. हँडगार्डचे मागचे पातळ कान मोडतात. पट्टा अडकवण्याच्या कडीपाशी लाकूड उडते. अशा जागी नवा तुकडा बसवणे लष्कराला कुंदा बदलण्यापेक्षा स्वस्त पडे. ब्रिटिश लष्करात हे काम रेजिमेंटच्या आरमररकडे किंवा मोठ्या दुरुस्तीसाठी कारखान्याकडे जाई, आणि त्यासाठी छापील सूचना असत.

लष्करी ठिगळाचा आकार पाहिला की मिस्त्रीच्या डोक्यात प्रकाश पडतो. ते क्वचितच सरळ चौकोनी असते. टोके तिरपी काढलेली, शंकरपाळ्यासारखी, नाहीतर आतल्या बाजूला रुंद होत जाणारी डोव्हटेल. याला कारण आहे. लाकडाच्या आडव्या कापलेल्या टोकाला सरस धरत नाही, उभ्या तंतूंना धरतो. तिरपा काप दिला की सरसाला धरायला उभे लाकूड मिळते, आणि डोव्हटेल असेल तर सरस सुटला तरी तुकडा बाहेर येत नाही. नवा तुकडा शक्यतो त्याच जातीच्या लाकडाचा, रेषा मूळ लाकडाच्या दिशेने लावलेल्या. रंग जुळतोच असे नाही. लष्कराला मजबुती हवी होती, देखणेपणा नको होता, म्हणून ठिगळ लपवण्याचा खटाटोप आरमररने केलेला नसतो.

नेमकी इथेच जुन्या आणि नव्या कामाची ओळख पटते. खोटे काम लपण्याचा प्रयत्न करते. सांध्यात लांबी किंवा भुसा-सरस भरलेला असतो, वर रंगाच्या ब्रशने लाकडाच्या रेषा ओढलेल्या असतात, आणि ठिगळाभोवतीच नेमके पॉलिश जास्त दाट असते. लष्करी ठिगळ उघड्यावर बसलेले असते.

काळाची खूण दुसरी. लाकूड रेषेच्या आडव्या अंगाने आकसते, लांबीत जवळजवळ आकसत नाही. दोन तुकड्यांच्या रेषा तंतोतंत एका दिशेत नसतील तर वर्षांनुवर्षे दोघे वेगवेगळे हलतात आणि बोटाच्या नखाला सांध्यावर बारीक पायरी लागते. गोल लाकडी खुंटीही अशीच काळाने किंचित अंडाकृती होते. काल बसवलेले ठिगळ घासून सपाट केलेले असते. नख सरळ निघून जाते. हा एक पुरावा पुरेसा नाही, कारण जुने काम कोणी नंतर घासलेले असू शकते. पण इतर खुणांबरोबर मोठा उपयोगी.

यासाठी यंत्रे लागत नाहीत. खोलीत अंधार करून बॅटरी लाकडाला चिकटवून आडवी धरावी. समोरून न दिसणारे खड्डे, पायऱ्या, भरलेल्या जागा आडव्या उजेडात उठून दिसतात. लोहचुंबक फिरवावे, वरून लाकडी दिसणाऱ्या जागेखाली लोखंडी खिळा असेल तर ओढ लागते, पितळ असेल तर लागत नाही. दुकानात नोटा तपासायला जो निळसर दिवा ठेवतात तोही कामाला येतो. त्याच्या उजेडात लाखेचे पॉलिश नारिंगी झाक मारते, आणि आजकालचे चिकट पदार्थ बऱ्याचदा निळसर-पांढरे चमकतात. मात्र सरसही निळसर दिसतो, म्हणून या दिव्यावरून वय ठरवू नये. कुठला भाग इतरांपेक्षा वेगळा आहे एवढेच तो सांगतो, आणि तेवढे पुरते.

आतली बाजू सर्वांत प्रामाणिक. बाहेरून कोणीही रंगरंगोटी करील. लोखंडाखाली झाकल्या जाणाऱ्या भागावर वर्षांचे तेल, मळ, गंज यांचा थर सारखा बसलेला असावा. जुन्या ठिगळावरून तो थर अखंड जातो. बाहेर काळेभोर आणि आत ताजे पिवळे लाकूड, हा मेळ बसत नाही. पोटॅशियम परमँगनेटने, चहाच्या पाण्याने किंवा बुटाच्या पॉलिशने लाकूड जुने दाखवता येते हे आपल्या मिस्त्रींना सांगायला नको. पण असा रंग वरच राहतो, तेलासारखा आत मुरत नाही. आतच दणका झेलणाऱ्या दोन लहान जागा असतात. तिथे तेलाने लाकूड भुसभुशीत होते, मग सगळे पुढचे लाकूड प्रत्येक बाराला हलते आणि नेम चुकतो. लष्कराने तिथे टणक लाकडाचे छोटे ठोकळे बसवले आहेत. तिथे राखाडी किंवा हिरवट रेझिन ओतलेले दिसले तर ते अलीकडच्या नेमबाजाचे काम.

शिक्का आधी की ठिगळ आधी

आता सर्वांत पक्का पुरावा. लष्करी लाकडावर तपासनिसांचे छोटे शिक्के ठोकलेले असतात. ठिगळाची रेघ शिक्क्यावरून गेली असेल तर बारकाईने पाहावे. शिक्क्याचे अक्षर अर्धे कापले गेले असून उरलेला अर्धा भाग नव्या तुकड्यावर नसेल, तर शिक्का आधीचा, ठिगळ नंतरचे. शिक्का मूळ लाकडावर आणि ठिगळावर सलग उमटला असेल, तर ठिगळ बसल्यानंतर तपासनिसाने तो मारला, म्हणजे दुरुस्ती सरकारी नजरेखालून गेलेली. साध्या डोळ्यांना दिसणारा हा पुरावा कोर्टात टिकेल असा आहे, आणि तरीही कित्येक व्यापारी तिकडे पाहत नाहीत.

नंबरांचाही मेळ घालावा. या रायफलींत लोखंडी सांगाड्याचा नंबर पुढच्या लाकडाच्या खालच्या अंगालाही, टोकाजवळ, ठोकलेला असतो. दोन्ही जुळले तर लाकूड आणि लोखंड एकत्र राहिले. लाकडावर जुना नंबर खोडून नवा मारला असेल तरी ती अप्रामाणिकता नव्हे. कारखान्यात मोठी दुरुस्ती होताना असे करीत. ब्रिटिश नोंदीत अशा संपूर्ण दुरुस्तीला 'एफ.टी.आर.' म्हणत आणि ती अक्षरे लोखंडावर कोरत. कुंदेही सगळे एकाच लांबीचे नव्हते. नेहमीच्या मापापेक्षा अर्धा इंच लांब असेल त्यावर 'एल', अर्धा इंच आखूड असेल त्यावर 'एस', एक इंच आखूड असेल त्यावर 'बी'. कुंदा आखूड दिसला म्हणून कोणी कापला असे ठरवण्याआधी वरच्या कडेला अक्षर शोधावे. अक्षर नाही आणि कुंदा आखूड आहे, तर मग करवत चालली आहे.

घासण्याचा रोग

आपल्या सुतार बांधवांना आम्ही विशेष कळकळीने हे सांगू इच्छितो. जुने लाकूड हातात आले की रंधा, काचपेपर, लाखेचे पॉलिश, असा आपला हात आपोआप चालतो. फर्निचरचा गिऱ्हाईक चकाकी मागतो, त्याला ती द्यावी. लष्करी कुंद्यावर हाच हात चालला तर मालाची निम्मी हकीकत भुशात जाते. शिक्के उथळ होतात, कडा गोल होतात, नंबर पुसतात. परदेशी बाजारात घासलेल्या लाकडाची रायफल कमी भावात जाते, मग पॉलिश कितीही सुंदर असो.

घासणे ओळखण्याची सोपी खूण कुंद्याच्या मागच्या पितळी पट्टीवर मिळते. कारखान्यातून निघताना लाकूड पितळेच्या बरोबरीने किंवा केसभर वर असते. पितळेची धार लाकडाच्या वर उभी राहून बोटाला टोचू लागली तर लाकूड घासून खाली गेले आहे, किंवा फार सुकले आहे. शिक्क्याच्या कडा तीक्ष्ण आहेत की विरघळल्यासारख्या, यावरून दोहोंतला फरक कळतो. लष्कर लाकडाला जवसाचे कच्चे तेल चोळत असे, काचेसारखी चकाकी कधीच देत नसे. चकाकणारा ली-एनफील्ड पाहिला की सावध व्हावे.

जिथे जिवाचा प्रश्न आहे

काही खुणा भावाच्या पलीकडच्या आहेत. ग्रेनेड फेकण्यासाठी काही रायफलींच्या नळीच्या तोंडाला पेला बसवत. त्या दणक्याने नळी फुटली तर लाकडाचे तुकडे सैनिकाच्या अंगावर येऊ नयेत म्हणून पुढच्या भागावर तार गुंडाळून ती कथिलाने डाग देऊन पक्की करीत. तार असलेली रायफल आज वेगळी वस्तू म्हणून विकली जाते. धोका आहे तो तार काढून टाकलेल्या रायफलीत. लाकडावर सारख्या अंतराने गेलेल्या बारीक आडव्या खाचा, मधूनच कथिलाचा थेंब, असे दिसले तर त्या लोखंडाने असाधारण ताण सोसला आहे असे समजून चालावे. 'डी.पी.' ही अक्षरे केवळ कवायतीसाठी ठेवलेल्या रायफलींवर ठोकत. ती कधीच झाडायची नसते. अशा लोखंडाला स्वच्छ, विनाअक्षरी कुंदा लावून विकण्याची लबाडी होते, म्हणून लाकूड निर्दोष दिसले तर लोखंडावरची अक्षरे अधिक बारकाईने वाचावीत.

आणि दर्रा आदमखेलच्या कारागिरांचा उल्लेख केल्याशिवाय विषय पुरा होत नाही. पेशावर-कोहाट मार्गावरच्या या गावात पिढ्यानुपिढ्या साध्या अवजारांनी ली-एनफील्डच्या नकला बनत आल्या. हुनर असा की लांबून फरक कळत नाही. पण शिक्का कोरणाऱ्याला इंग्रजी येत नसे. अक्षरे उलटी पडत, आणि राणी व्हिक्टोरियाची 'व्ही.आर.' ही अक्षरे अशा सालावर येत जेव्हा राणीला जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती. राणी १९०१ सालीच वारली. अफगाणिस्तानात असलेल्या अमेरिकन सैनिकांनी असे नग आठवण म्हणून विकत घेतले, आणि ते आता परदेशी बाजारात फिरत आहेत. कलाकुसर म्हणून ते खुशाल विकावे, पण एनफील्ड म्हणून नव्हे.

रशियन मोसिन रायफलींचे शास्त्र याहून सोपे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत कारखान्यांनी त्या मोठ्या संख्येने दुरुस्त केल्या, लाकडात तिरपे तुकडे बसवले, वर तांबूस लाखेचा हात दिला. तिथे ठिगळ सापडणे इतके नेहमीचे की त्याने भावात फारसा फरक पडत नाही.

जुन्या मालाचे काम करणाऱ्या दुकानदाराने बिलावर दुरुस्तीचा तपशील लिहावा, मग माल कुंदा असो की शिसवी कपाट. केवळ 'जुने, दुरुस्त' असे लिहून भागत नाही. कोपऱ्याला तिरपे ठिगळ, त्यात दोन पितळी खिळे, वरून जुने तेल. उजव्या बाजूला नवी चीर, आम्ही सरसाने जोडली, तारीख अमुक. सोबत काम सुरू करण्यापूर्वीचे आणि संपल्यानंतरचे असे दोन फोटो, आडव्या उजेडात काढलेले. वस्तुसंग्रहालयांत काम करणारे संवर्धक प्रत्येक वस्तूची अशीच नोंद ठेवतात, आणि त्यांच्याकडून काम मिळवायचे असेल तर पहिल्या भेटीत ते नेमके हेच कागद पाहायला मागतात.